भुईआवळीचं पथ्य

सुरतेत, आमच्या गोडादऱ्याच्या घरात पाटा-वरवंटा मोरीच्या भिंतीला उभा करून ठेवलेला असतो. मिक्सर आल्यापासून मसाल्यासाठी तो कुणी आडवा केला नाही. गेल्या काही वर्षांत त्यावर एकच वस्तू वाटली गेली, ती म्हणजे भुईआवळी. हिरवट, कडू, पानांच्या मागे मोहरीएवढी फळं लागलेलं ते झुडूप माय मुळासकट वाटायची आणि फडक्यातून रस पिळून दोन पेल्यांत ओतायची. एक माझ्यासाठी, एक रवीसाठी.

रवी माझा धाकटा भाऊ. तो आता नाही. त्याला जो आजार होता, तोच मलाही आहे, आणि तो माझ्या अंगात राहणारच आहे. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, वाचायची सवय आहे, म्हणून ओळखीच्या बायका रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक झाडपाल्याबद्दलच असतो. "ताई, भुईआवळीनं बरं होतं का हो?" उभ्या उभ्या त्याचं उत्तर मला देता येत नाही, म्हणून बसून लिहिते आहे. लिहायला वेळ लागतो आहे. काही वाक्यांपाशी आलं की पुढे जाववत नाही.

*

रवी कापड मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालायचा. लग्नसराईत तर अख्खा दिवस उभा. मार्केटमध्ये रक्तदानाचं शिबिर होतं, तिथे तो मित्रांबरोबर हसत हसत जाऊन झोपला, रक्त दिलं, बिस्किटांचा पुडा घेऊन घरी आला. पुढे त्याला फोन आला की येऊन भेटा. परत आला तेव्हा खुर्चीत न बसता तो दारातच टेकला.

"ताई, माझं रक्त परत केलं त्यांनी. माल डिफेक्टिव्ह."

हेपटायटिस बी. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासायला सांगितलं. रवीची बायको सुनीता आणि त्यांची मुलगी सुटल्या. त्यांना लस टोचली. मी सापडले. आणि माय सापडली.

तपासणीचा तो दिवस माझ्या लक्षात आहे तो मायच्या चेहऱ्यामुळे. डॉक्टरबाई गुजराती, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. त्यांनी समजावलं, हा विषाणू लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. मायच्या अंगात तो आजही गप्पच होता, तिला औषधाची गरज नव्हती, फक्त अधूनमधून तपासणी. रवीच्या आणि माझ्या अंगात मात्र तो जागा झाला होता. आम्हा दोघांना रोज एक गोळी घ्यायची होती, बहुधा जन्मभर.

मायनं विचारलं, "दूध से गया क्या?"

"नहीं माजी, दूध से नहीं. जनम के वक्त. आपको भी किसी से मिला होगा. इसमें किसी का वांक नहीं."

वांक म्हणजे दोष, हे मायला सुरतेत राहून ठाऊक होतं. पण तिनं फक्त 'जनम' हा शब्द उचलला आणि घरी आणला. रिक्षात ती पुटपुटली, "मंग मीच दिन्हं ना तुमले."

रवी पुढच्या सीटवरून मागे वळला. "माय, वावर ना घर, काहीच नही दिन्हं तू आमले. एवढं तरी दिन्हं!"

तिनं त्याच्या पाठीत चापट मारली. रिक्षावालाही हसला. मी हसले की नाही, आठवत नाही.

*

कामरेजच्या पुढे, उसाच्या शेतात राहणाऱ्या एका काकांचा पत्ता मायला शेजारणीनं दिला. हे काका काविळीचं औषध द्यायचे. वडिलांकडून आलेली विद्या, बदल्यात नारळसुद्धा घेत नसत. त्यांना मी वाईट माणूस म्हणू शकत नाही. खाटेवर बसून ते प्रत्येकाचे डोळे उन्हात बघायचे, नखं दाबून बघायचे, आणि इतकं शांतपणे ऐकून घ्यायचे की माणसाला अर्धं बरं तिथेच वाटायचं. आमच्या डॉक्टरबाईंना एवढा वेळ कुठून असणार? त्यांच्या दाराबाहेर नेहमी रांग.

काकांनी शेताच्या पाटाकडेची भुईआवळी दाखवली आणि पथ्यं सांगितली. झाड सूर्य उगवायच्या आधी उपटायचं. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत वाटेत कुणाशी बोलायचं नाही. तेल, हळद, आंबट बंद. आणि शेवटचं पथ्य त्यांनी मायकडे बघून सांगितलं, "पूछवानुं नहीं, कहेवानुं नहीं. पूछे एटले गुण जाय."

म्हणजे घेणाऱ्यानं औषधाबद्दल बोलायचं नाही आणि घरच्यांनी त्याला विचारायचं नाही. विचारलं की औषधाचा गुण गेला.

मायला हे नवीन नव्हतं. अमळनेरकडच्या आमच्या गावी विंचू उतरवणारा असाच मुक्यानं यायचा आणि मुक्यानं जायचा. तिनं मान डोलावली आणि त्या दिवसापासून ते पथ्य आमच्या घराला लावलं. हळद सुटली, तेल सुटलं, आणि बोलणंही सुटलं. तब्येतीचं नाव घरात कुणी काढेना. शेजारीण विचारायला आली तर माय तिला दारातूनच कटवायची, "बरं शे, बरं शे. तू जाय बहीन, तुनी भाजी करपी जाई."

आम्ही दोघं भावंडं सकाळी पूर्वेकडे तोंड करून रस प्यायचो. रवी राहायचा गल्लीतल्या पुढच्याच खोलीत, तोंड धुऊन आमच्याकडे यायचा. चूळ भरेपर्यंत बोलायचं नाही, म्हणून तो नुसता चेहरा करायचा. डोळे तिरळे, जीभ बाहेर, पेला वर उचलून मला सलाम. माय पाठमोरी असायची, तरी तिला कळायचं. "रव्या, दात काढू नको."

खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. माझी मळमळ कमी झाली होती. ती रसामुळे, गोळीमुळे की तेलकट सुटल्यामुळे, हे मला आजही सांगता येणार नाही. रवीला भूक लागू लागली. तो दोन भाकरी जास्त मागायचा तेव्हा मायच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी रिक्षातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा पाहत होते. तिनं जे दिलं, ते ती परत काढून घेत होती. रोज सकाळी थोडं थोडं, पाट्यावर वाटून.

मी रात्री जेवणानंतर माझी गोळी घ्यायचे. न बोलता. सुनीताला वाटायचं, रवी त्याची गोळी मार्केटमध्ये डब्याबरोबर घेतो. मायला वाटायचं, सुनीता देते. मला वाटायचं, तो घेतो.

*

उतराणीच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी अख्खं सुरत गच्चीवर असतं. आम्हीही होतो. रवी फिरकी धरून उभा होता, सुनीता त्याच्यासमोर तिळाचा लाडू घेऊन आली आणि थबकली.

"जरा इकडं बघा."

"काय झालं? आवडलो का परत?"

"बघा म्हणते ना."

त्यानं डोळे उन्हाकडे केले. पांढऱ्याच्या जागी हळद होती. जी हळद आम्ही घरातून हद्दपार केली होती, ती तिथे येऊन बसली होती.

मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. मायनं म्हटलं, आधी कामरेज. कावीळ झालेल्या माणसाला आमच्याकडे अजूनही आधी तिथेच नेतात. शिकलेल्या घरांतूनही नेतात. ती गेली, रवीला घेऊन.

काकांनी त्याचे हात चुन्याच्या निवळीत धुतले. पाणी पिवळं झालं. मग डोक्यावर माळ घातली. पुनर्नवेच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेली, मुकुटासारखी घट्ट बसणारी माळ. ती आपोआप मोठी होत जाते, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर, कमरेवर, आणि पायांतून निघाली की कावीळ उतरली.

माळ उतरू लागली. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या कानांवर आली, मग गळ्यात. माय येणाऱ्या-जाणाऱ्याला काही बोलत नव्हती, पण तिची चाल बदलली होती. रवी आरशात बघून म्हणाला, "नवरदेव दिसतो मी. वरात कधी काढता?" त्याचा आवाज मंद झाला होता. माळ छातीवर आली तेव्हा पोट फुगलं होतं. ती कमरेपाशी आली तेव्हा तो सुनीताला तिचं नाव विचारू लागला.

मग मात्र कुणाचंही न ऐकता मी रिक्षा बोलावली.

*

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्याचं पोट बघितलं, डोळे बघितले, आणि आमच्या घरात इतके महिने कुणी न विचारलेला प्रश्न एका दमात विचारला.

"रवीभाई, गोली ले रहे हो?"

त्या वेळी तो थोडा शुद्धीवर होता. "नहीं मॅडम. दिवाली से बंद है."

"किसने बोला बंद करने को?"

"दिवाली पे पाँव छूने गया, तब काका बोले, बे घोडे न चडाय."

दोन घोड्यांवर बसू नये. एक औषध धर, एक सोड. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्या जराशा खाली बघत राहिल्या, आणि त्या क्षणात मला कळलं की परिस्थिती रागावण्याच्या पलीकडे गेली आहे. गोळीनं दाबून धरलेला विषाणू गोळी अचानक सुटली की कधी कधी दुप्पट जोरानं उठतो, हे त्यांनी मला नंतर बाहेर सांगितलं. आत त्या एवढंच म्हणाल्या, "आगे से ऐसा नहीं करना, हां." जणू पुढे बराच काळ आहे.

सुनीतानं भिंत धरली होती.

रवीनं मला जवळ बोलावलं. "ताई, मला वाटलं, तू पण सोडली."

"नाही रे."

मग त्याच्या तोंडावर ते रोजचं सकाळचं तिरळं हसू आलं. "म्हणजे पथ्य पाळलं आपण. एकदम कडक. एक शब्द नाही काढला कुणी."

ते हसू मी विसरू शकत नाही. वर्गात फळ्याकडे पाठ करून मुलांकडे वळते तेव्हा, एखाद्या मुलाच्या चेहऱ्यावर, ते अचानक दिसतं.

सिस्टरला पोटातलं पाणी काढायची तयारी करायची होती. कमरेवरची माळ मध्ये येत होती. तिनं कात्री हातात घेतली आणि थांबली. "माजी, कापुं?"

माळ तोडायची नसते. तोडली तर कावीळ उलटते, असं म्हणतात. मायनं माळेवर हात ठेवला. शेवटी रवीच म्हणाला, "काप दो सिस्टर. मेरी वरात हो गई."

मायनं ती माळ पदरात घेतली.

*

वॉर्डातला दिवस सकाळी फरशी पुसणाऱ्या बाईंच्या बादलीच्या आवाजानं सुरू व्हायचा. मग तपासणीचं रक्त, मग सलाईन बदलणं, मग भेटीची वेळ, मग पुन्हा वाट बघणं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला भेटायला येणारी सून आमच्यासाठीही चहा आणायची, न विचारता, रोज. दुःखाच्या दिवसांत अशा माणसांची नावंही आपण विचारत नाही. नंतर वाटतं, विचारायला हवं होतं.

रवीची शुद्ध जायची-यायची. लिव्हर थकलं की डोकंही धुकट होतं. त्या धुक्यात तो मार्केटमध्ये असायचा. पलंगावरची चादर काढायचा, काठाला काठ लावायचा, एका हातानं निऱ्या सारख्या करत चौकोनी घडी घालायचा आणि बाजूला ठेवायचा. मग हात पुढे करायचा, दुसरी साडी द्या. सिस्टर एकदा त्याला थांबवायला आली, पण त्या घडीकडे बघून तिनंच शेजारच्या रिकाम्या खाटेवरची चादर आणून त्याच्या हातात दिली. त्यानं तिचीही घडी घातली. किती सरळ कड! मी त्याचं काम असं शांतपणे बसून आधी कधी पाहिलंच नव्हतं.

लिव्हर बदलण्याची गोष्ट निघाली, मोठ्या शहराचं नाव निघालं. त्याच्याजवळ तेवढे दिवस उरले नव्हते. शेवटची घडी त्यानं अर्धी टाकली. दुपार होती, खिडकीतून ऊन येत होतं, आणि हात तसेच चादरीच्या काठावर राहिले.

*

रवी गेल्यावर दारावर बसायला माणसं आली. एका दुपारी कामरेजचे काकाही आले. त्यांनी चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही, ओट्यावर मान खाली घालून बसले. माय आतून उठून त्यांच्यासमोर आली आणि तिनं विचारलं. सगळ्या लोकांसमोर, मोडक्यातोडक्या गुजरातीत. तुम्ही सांगितलं होतं का, दवाखान्याची गोळी बंद कर म्हणून?

काकांनी हात जोडले. "बेन, हूं तो बधाने कहुं छुं. मारा बापा पण कहेता." मी तर सगळ्यांनाच सांगतो. माझे वडीलही सांगायचे.

साध्या काविळीचे बहुतेक लोक आपले आपणच बरे होतात, हे त्यांच्या वडिलांना कुणी सांगितलं नसावं. बरे झालेले परत येऊन पाया पडायचे. न झालेले परत येत नसत. मग त्यांना कळणार कसं? काका गेले. मायनं त्यांना उंबऱ्यापर्यंत सोडलं.

ती कापलेली माळ मायनं गाठ मारून देवळीशेजारच्या खिळ्याला अडकवली होती. मी काढायला गेले तर म्हणाली, राहू दे. काही दिवसांनी शाळेतून आले तर ती खिळ्याखाली उभी होती. माळ अडकवली तेव्हा जेमतेम फडताळाच्या कडेपर्यंत यायची. आता फडताळाच्या पुष्कळ खाली लोंबत होती. काड्या सुकतात, आक्रसतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात, आणि माळ लांब होते. एवढंच असतं ते. माणूस लागत नाही.

माय तिच्याकडे बघत होती. "मंग हाई कोनी कावीय उतरी ऱ्हायनी?" मग ही कुणाची कावीळ उतरते आहे?

घरात मी, ती आणि ती भिंत. माझ्या अंगातला तो विषाणू आणि तिच्या अंगातला, दोन्ही गप्प. मी तिचा हात धरला. तो बराच वेळ गार होता. संध्याकाळी तिनं स्वतः माळ उतरवली आणि तापीत सोडायला म्हणून सुनीताजवळ दिली.

*

पुढच्या तपासणीला माय माझ्याबरोबर आली, मी नको म्हणत असताना. डॉक्टरबाईंच्या टेबलावर तिनं फडक्यात बांधून आणलेली भुईआवळी ठेवली. पाटाकडेची, मुळासकट. "इसने मारा क्या मेरे पोऱ्या को?"

डॉक्टरबाईंनी ते झुडूप हातात घेतलं, पानं उलटून फळं बघितली. "माजी, मेरी दादी भी ये देती थी. इसने नहीं मारा. पर ये गोली का काम नहीं कर सकती. और कोई पुडिया-मिक्सचर हो, तो उसमें क्या है मुझे पता नहीं, वो लिव्हर को नुकसान भी कर सकता है. जो भी लो, मुझे बता के लो. बस छुपाना नहीं."

मी तेव्हापासून रस घेत नाही. कुणी घेत असेल तर त्याला मी हसत नाही. ज्या हातांनी तो वाटलेला असतो, ते हात मी पाहिले आहेत. माझ्याकडे रिपोर्ट घेऊन येणाऱ्या बायकांना मी एवढंच म्हणते : झाडपाला घेता का, ते डॉक्टरला सांगा. गोळी स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करू नका. आणि ज्याला आजार आहे त्याला विचारा, चिडला तरी विचारा. जे औषध विचारल्यानं वाया जातं, ते घरात घेऊ नका.

मी आता गोळी रात्रीऐवजी सकाळी घेते, डॉक्टरबाईंना विचारूनच बदल केला. तो मायसाठी आहे. ती काही न वाटताच पाटा धुऊन भिंतीला उभा करते, रवीचा पेला घासते, माझा पेला घासते आणि माझ्या पेल्यात साधं पाणी ओतते. मग मोरीच्या दारात उभी राहून मोठ्यानं, पलीकडच्या घरात जाईल एवढ्या आवाजात विचारते,

"गोयी खादी का?"

ती हे दोनदा विचारते. पहिल्यांदा बाहेरच्या दाराकडे बघून, जिथून तो तोंड धुऊन यायचा. मग जरा थांबून, माझ्याकडे बघून.

"हा माय, खादी," मी दोन्ही वेळा म्हणते.